घुमणारा हॉल: शाळेच्या सभागृहातला आवाज आणि उजेड

रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. आवाज लगेच विरला तर तुम्ही नशीबवान आहात. बहुतेक शाळांत तो तीन-चार सेकंद रेंगाळतो, आणि समोरासमोरच्या कोऱ्या भिंतींमध्ये टाळी ‘टर्रर्र’ करत नाचत राहते. अशा हॉलमध्ये स्नेहसंमेलन झालं की मागच्या रांगांना काही कळत नाही. मग पुढच्या वर्षी जास्त वॅटचा ॲम्प्लिफायर येतो आणि मागच्या रांगांना आणखी कमी कळतं. कारण उघड आहे. ॲम्प्लिफायर मुलाचा आवाज वाढवतो तसा त्या आवाजाचा घुमाराही वाढवतो. एक अक्षर विरण्याआधी दुसरं त्याच्यावर येऊन पडतं, आणि ते कितीही मोठ्याने पडलं तरी वेगळं ऐकू येत नाही.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी छत आणि भिंती, मग वायरिंग, मग स्पीकर-माइक, आणि शेवटी दिवे. पैसे दोन वर्षांत मिळणार असतील तर पहिल्या वर्षी फक्त भिंती, छत आणि वायरिंग करा. जुनी साउंड सिस्टीमसुद्धा बऱ्या हॉलमध्ये चांगली वाजते. उलटं कधीच होत नाही.

हॉल किती घुमतो, हे कागदावर

हे गणित वॉलेस सेबिन या हार्वर्डच्या प्राध्यापकाने १८९५ नंतरच्या काही वर्षांत बसवलं. तिथल्या एका नव्या व्याख्यान-दालनात कोणाचंच बोलणं कळत नव्हतं. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणायच्या, दालनात मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची आणि आवाज किती वेळात विरतो ते मोजायचं, असा त्याचा प्रयोग होता. त्यातून निघालेलं सूत्र आजही पुरतं:

घुमण्याचा काळ (सेकंद) = ०.१६१ × हॉलचं घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण

एकूण शोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याचा शोषणांक, आणि या सगळ्यांची बेरीज. उघड्या खिडकीचा शोषणांक १, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. बोलण्याच्या पट्टीत, म्हणजे ५०० ते १००० हर्ट्झला, गिलावा आणि स्लॅबचा साधारण ०.०२, कोटा किंवा शहाबादी फरशीचा ०.०१ ते ०.०२, बंद दारं-खिडक्यांचा ०.१ च्या आसपास, आणि चुण्या असलेल्या जाड पडद्याचा ०.४ ते ०.५ धरा. सतरंजीवर दाटीने बसलेलं एक मूल सुमारे ०.३ चौरस मीटर शोषण देतं.

नेहमी आढळणारा हॉल घेऊ: २० मीटर लांब, १२ मीटर रुंद, ५.५ मीटर उंच, आरसीसी स्लॅब, कोटा फरशी, एका आखूड बाजूला रंगमंच. घनफळ १३२० घनमीटर. फरशी ३.६, छत ४.८, गिलाव्याच्या भिंती ५.५, दारं-खिडक्या ५ आणि दर्शनी पडदा ११. बेरीज जेमतेम ३०. सूत्रात टाकलं की ७ सेकंद येतात. खिडक्या उघड्या असतील तर आकडा खाली येतो, पण रिकामा हॉल ‘देवळासारखा’ का वाजतो ते एवढ्यावरून कळतं. ३०० मुलं बसली की शोषण १२० होतं आणि काळ १.८ सेकंदांवर येतो. भाषण, नाटक आणि समूहगान या तिन्हींसाठी १ ते १.२ सेकंद हवेत.

हिशोब भरलेल्या हॉलचा करू नका, अर्ध्या भरलेल्या हॉलचा करा. वक्तृत्व स्पर्धा किंवा पालकसभेला १५० च माणसं असतात, आणि रंगीत तालमीला तर तेवढीही नसतात. १५० जण असताना १.२ सेकंद हवे तर एकूण शोषण १७७ लागतं. हाताशी ७५ आहे. कमी पडतं १०२. चांगल्या पॅनेलचा शोषणांक लावल्यावर ०.८ धरला, तर सुमारे १२८ चौरस मीटर पॅनेल लागतील. हॉल पूर्ण भरल्यावर काळ १ सेकंदाच्या किंचित खाली जातो आणि पूर्ण रिकामा असताना १.६ राहतो. दोन्ही चालतात.

भारतीय मानक आयएस २५२६ हे सभागृहांच्या ध्वनिरचनेसाठीच आहे. वास्तुविशारदाशी बोलताना त्याचा उल्लेख केलात तर चर्चा पीओपीच्या नक्षीवरून लवकर मुद्द्यावर येते.

पॅनेल कुठे लावायची

मागची भिंत पहिली. रंगमंचावरून निघालेला आवाज २० मीटर जाऊन परत यायला जवळजवळ ११५ मिलिसेकंद लागतात, आणि ५० च्या पुढे गेलेला परतावा कानाला स्वतंत्र प्रतिध्वनी वाटतो. बोलणाऱ्या मुलाला आपलंच वाक्य उलटून ऐकू येतं, मग ते अडखळतं. फरशीपासून १.२ मीटरवर सुरुवात करून ४ मीटरपर्यंत ही भिंत भरा. दारं वगळून ३० चौरस मीटर होतात. १.२ मीटरच्या खाली लावू नका, तिथे बोटं, पेनं आणि दप्तरं पोचतात.

बाजूच्या भिंतींवर खिडक्यांच्या वर दीड मीटर उंचीचा पट्टा, रंगमंचाकडचे पहिले ७ मीटर सोडून मागच्या १३ मीटरमध्ये. दोन्ही बाजू मिळून ३९. उरलेले ६० चौरस मीटर छताला, मागच्या बाजूला आणि कडेकडेने. रंगमंचासमोरचा छताचा मधला भाग मुद्दाम कडक ठेवा. तिथून परावर्तित झालेला आवाज मागच्या रांगांना लगेच मिळतो आणि शब्दाला बळ देतो. अख्खं छत मऊ केलेल्या हॉलमध्ये माइकशिवाय बोलणं अवघड जातं. हा दोष नंतर काढता येतो, पण पैसे गेलेले असतात.

साधं, टिकाऊ पॅनेल असं बनतं. भिंतीला ५० × ५० मिमी लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, पट्ट्यांमधलं मोकळं अंतर ६०० मिमी, कारण रॉकवूलचे (दगडापासून काढलेल्या तंतूंच्या लोकरीचे) स्लॅब ६०० मिमी रुंद मिळतात. आत ५० मिमी जाडीचा, घनमीटरला ४८ किलो घनतेचा रॉकवूल. त्यावर काचतंतूचा पातळ टिश्यू, म्हणजे तंतू खाली झडणार नाहीत, आणि वर कापड. कापड निवडताना ते तोंडाशी धरून फुंकर मारा. फुंकर पार जात नसेल तर आवाजही जाणार नाही. रेक्झिन या चाचणीत नापास होतं, तरी दिसायला छान म्हणून तेच जास्त लावलं जातं. सांगाडा १०० मिमी खोल करून रॉकवूलच्या मागे ५० मिमी हवा सोडलीत तर खालचे सूरही शोषले जातात. लेझमीची हलगी आणि ढोल हॉलमध्येच वाजणार असेल तर ही पोकळी सोडाच. कापडाऐवजी भोकांचा प्लाय हवा असेल तर भोकांचं क्षेत्र किमान १५ टक्के ठेवा. लाकडाच्या तंतूंचा वूड-वूल बोर्डही चालतो आणि मुलांच्या चेंडूला तो जास्त दाद देत नाही. मात्र त्यावर ऑइलपेंट मारलात तर छिद्रं बुजतात आणि तो पुन्हा भिंत होतो.

अंड्याचे ट्रे आणि थर्मोकोल आवाजासाठी जवळजवळ निरुपयोगी आहेत, पण ते पेट मात्र चटकन घेतात. जमिनीवरचं पातळ कार्पेट फक्त तीक्ष्ण आवाज खातं. खालचे सूर तसेच राहतात आणि हॉल कोंदट, ‘ढुब्ब’ वाजायला लागतो. स्वस्तातला पीयू (पॉलियुरेथेन) फोम तर शाळेत आणूच नका. अमेरिकेत ऱ्होड आयलंडला २००३ मध्ये एका नाइटक्लबात शोभेच्या दारूची ठिणगी भिंतीवरच्या अशाच फोमला लागली आणि १०० माणसं गेली. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं ते आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. कापड, पडदे आणि प्लाय अग्निरोधक प्रक्रियेचे घ्या आणि पुरवठादाराकडून चाचणीचा दाखला मागा.

खिडक्यांना जाड पडदे लावायचेच असतात, त्यांच्याकडून दोन कामं करून घ्या. चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या वरचं कापड, खिडकीच्या दुप्पट रुंदी, म्हणजे भरपूर चुण्या, आणि भिंतीपासून १० ते १५ सेंमी अंतर. घुमणं कमी होतं आणि सकाळी दहाच्या कार्यक्रमाला अंधारही मिळतो.

पंखे आणि पत्रा

मुलाचं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल असतं. अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने घटतो, म्हणजे ८ मीटरवर ४२ उरतो. दहा पंखे पूर्ण वेगात असतील तर त्यांचाच आवाज ५० च्या घरात जातो. शब्द नीट कळायला बोलणं गोंगाटापेक्षा किमान १५ डेसिबल वर हवं. पंखे निम्म्या वेगावर आणणं हा सगळ्यांत स्वस्त ध्वनिउपाय आहे, म्हणून पंख्यांचे रेग्युलेटर साउंडवाल्याच्या टेबलाजवळ घ्या.

पत्र्याच्या छताचं दुखणं वेगळं. कोकणात, घाटमाथ्यावर पाऊस आला की कार्यक्रम थांबतो. पत्र्याखाली नुसती हलकी टाइल लावून भागत नाही, इथे वजन लागतं. पत्र्याच्या पोटाला चिकटून ५० मिमी रॉकवूल, त्याखाली पोकळी, आणि मग १२.५ मिमी जिप्समचे दोन थर, सांधे एकमेकांवर न येतील असे. आधी कैच्या हे ओझं पेलतील का, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. घुमणं कमी करणारी पॅनेल या जिप्समच्या खाली वेगळी लावावी लागतात.

स्पीकर आणि माइक

३०० मुलांच्या हॉलला १२ इंची, टू-वे, ३०० ते ५०० वॅट आरएमएसचे (म्हणजे सतत पेलतील एवढ्या वॅटचे) दोन चांगले बॉक्स पुरतात. चार भिंतींवर आठ छोटे स्पीकर लावायची पद्धत सर्रास दिसते, आणि ती घुमणं वाढवते. आठ ठिकाणांहून निघालेला आवाज प्रत्येक कानाला आठ वेळा, मागेपुढे पोचतो.

बॉक्स दर्शनी कमानीच्या दोन्ही बाजूंना, रंगमंचाच्या कडेपासून अर्धा ते एक मीटर प्रेक्षकांकडे, तळ ३.२ ते ३.५ मीटर उंचीवर ठेवा. तोंड खाली झुकवून हॉलच्या दोन-तृतीयांश अंतरावरच्या रांगेवर रोखा. मागच्या भिंतीवर आवाज मारायचा नाही, माणसांवर मारायचा. स्टँडवर, बसलेल्या डोक्यांच्या उंचीला ठेवलेला बॉक्स पहिल्या तीन रांगांचे कान फोडतो आणि दहाव्या रांगेला उपाशी ठेवतो.

गॅलरीखाली किंवा खांबामागे आवाज पोचत नसेल तरच जादा स्पीकर लावा, आणि त्याला डिले द्या, म्हणजे त्यातून आवाज किंचित उशिरा सोडा. तो मुख्य बॉक्सपासून १२ मीटरवर असेल तर आवाजाला तिथवर यायला ३५ मिलिसेकंद लागतात. वर १० ते १५ मिळवून ४५ ते ५० ठेवा. मग आवाज रंगमंचाकडूनच येतोय असं वाटतं, आणि जादा स्पीकर बंद केल्यावरच तो असल्याचं कळतं.

माइक शिट्टी का मारतो? कारण स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. स्पीकर माइकच्या मागे असतील तर दुसरं काहीही करून उपयोग नाही. सुरू असलेल्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो, म्हणून ज्या माइकवर कोणी बोलत नाही तो बंद ठेवा. मुलांना शिकवण्यासारखी एकच गोष्ट: माइक तोंडापासून चार-पाच बोटांवर, आणि जाळी मुठीत धरायची नाही. जाळी झाकली की माइक सगळ्या बाजूंनी ऐकायला लागतो आणि शिट्टी हमखास येते.

नाटकासाठी बारा मुलांना बारा कॉलर माइक लावण्याचा मोह टाळा. रंगमंचाच्या कडेला तीन बाउंड्री माइक (जमिनीवर चपटे ठेवायचे माइक), एकमेकांपासून अडीच ते तीन मीटरवर, खाली रबराचा तुकडा, आणि मिक्सरवर १०० ते १२० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका. पावलांचा धप्प आवाज बराच जातो. लाकडी रंगमंच पोकळ असेल तर आत रॉकवूलचे स्लॅब पसरा, नाहीतर लावणीच्या तालावर मंच स्वतःच ढोल होतो.

सिस्टीम जुळवताना हॉल रिकामा आणि शांत ठेवा. आधी इनपुट गेन: मोठ्याने बोलल्यावर ॲनालॉग मिक्सरचा मीटर शून्याच्या आसपास जावा, लाल दिवा कधीच लागू नये. फेडर शून्यावर ठेवा आणि मास्टर हळूहळू वाढवत न्या. पहिली शिट्टी ऐकू आली की इक्वलायझरवर नेमकी ती पट्टी शोधून ३ ते ६ डेसिबल खाली ओढा. पुन्हा वाढवा, दुसरी शोधा. चार-पाच पट्ट्यांपेक्षा जास्त कापाव्या लागत असतील तर दोष स्पीकरच्या जागेत किंवा भिंतीत आहे. इतकं कापून उरलेला आवाज टेलिफोनसारखा लागतो. शेवटी मास्टर शिट्टीच्या बिंदूच्या ६ डेसिबल खाली आणून तिथे रंगीत टेपची खूण करा. भाषणाला मधल्या रांगेत ७० ते ७५ डेसिबल पुष्कळ झाले.

माइकच्या लांब तारा बॅलन्स्डच हव्यात, म्हणजे बाहेरची घरघर न पकडणाऱ्या, दोन्ही टोकांना तीन पिनांचा एक्सएलआर. मोबाईलमधून गाणं वाजवायला ‘डीआय बॉक्स’ ठेवा, म्हणजे मोबाईलचा सिग्नल बॅलन्स्ड करून मिक्सरला देणारी छोटी पेटी. तो नसला की ५० हर्ट्झची घूं सुरू होते, आणि कोणीतरी प्लगची अर्थिंगची पिन तोडून ती बंद करतं. ही पिन तोडलेली सिस्टीम मुलाच्या हातात धातूचा माइक देते, आणि त्यातून विजेचा धक्का बसू शकतो.

दिवे: आधी चेहरा, मग रंग

शाळेच्या रंगमंचावर बहुतेक वेळा डोक्यावरून ट्यूबलाइट असतात आणि समोरून एक हॅलोजन. ट्यूबमुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि हॅलोजनमुळे मागच्या पडद्यावर राक्षसाएवढ्या सावल्या. येलला शिकवणाऱ्या स्टॅनली मॅकँडलेस यांनी १९३२ मध्ये मांडलेली पद्धत इथे अजूनही सर्वांत सोपी आहे. रंगमंचाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यावर समोरून दोन दिवे टाकायचे, एक डावीकडून, एक उजवीकडून, दोन्ही सुमारे ४५ अंशांत. एक किंचित उबदार, दुसरा किंचित थंड. चेहऱ्याला गोलाई येते.

आपल्या हॉलचा रंगमंच ८ मीटर रुंद, ५ मीटर खोल, ०.९ मीटर उंच धरू. तीन तुकडे पुढे, तीन मागे. मुलाचा चेहरा हॉलच्या फरशीपासून २.२ मीटरवर येतो. दिव्यांचा बार ५ मीटरवर लावला तर उभं अंतर २.८ मीटर, आणि ३५ ते ४५ अंशांसाठी आडवं अंतर २.८ ते ४ मीटर. पुढच्या तुकड्यांचा मध्य कडेपासून १.२५ मीटर आत आहे, म्हणून पहिला बार कडेपासून साधारण २ मीटर प्रेक्षकांकडे येतो. मागच्या तुकड्यांसाठी दुसरा बार कडेच्या अर्धा मीटर आत, झालरीच्या मागे लपलेला. बार कडेच्या नेमका वर घेतला तर पुढच्या मुलांच्या नाकाखाली काळं दिसतं. फार मागे नेला तर सावल्या पडद्यावर चढतात.

प्रत्येक बारवर सहा, असे १२ एलईडी फ्रेनेल (मऊ कडेचा झोत टाकणारे भिंगाचे दिवे), १५० वॅटचे, ३२०० केल्विनचे, रंगदर्शकता (सीआरआय) ९० च्या वर. थंड बाजूला अगदी फिकट निळी जेल लावा. रंगमंचाच्या मागच्या बाजूला वेगळ्या बारवर रंगांसाठी ८ पार (डब्यासारखे झोताचे दिवे), आरजीबीडब्ल्यू, म्हणजे लाल-हिरवा-निळा-पांढरा एकत्र. रंगीत दिवे पाठीमागून आणि बाजूने टाकायचे, चेहऱ्यावर नाही. लाल उजेडात हिरवी नऊवारी काळी दिसते, हे तालमीत बघून घ्या. चेहऱ्यावर ५०० लक्स मिळाले की मोबाईलचे व्हिडिओसुद्धा नीट येतात. व्हिडिओत पट्टे सरकताना दिसले तर स्वस्त एलईडीच्या डिमिंगचा दोष असतो. दिवे घेण्याआधी ते २० टक्क्यांवर मंद करून मोबाईलने शूट करून बघा.

या सगळ्याचा भार ३ किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला १३ अँपिअर. हेच काम हजार वॅटच्या हॅलोजनने करायचं तर नुसत्या समोरच्या दिव्यांना १२ किलोवॅट लागतात, आणि प्रत्येक दिवा पडद्यापासून किमान मीटरभर लांब ठेवावा लागतो. एलईडी दिवे जुन्या डिमर पॅकवर जोडू नका, जळतात. त्यांना थेट वीज आणि वेगळी डीएमएक्स तार (दिव्यांना हुकूम पोचवणारी सिग्नलची तार) द्यायची. एका ओळीत जास्तीत जास्त ३२ दिवे, शेवटच्या दिव्याला १२० ओहमचं टर्मिनेटर. डीएमएक्ससाठी माइकची तार वापरली की आठ दिवस सगळं चालतं आणि ऐन कार्यक्रमात दिवे फडफडतात.

बार ४० मिमी जीआय पाइपचा, बाहेरचा व्यास ४८ मिमी, दर दीड मीटरला टेकू, अँकर आरसीसीच्या तुळईत. फॉल्स सीलिंगला काहीही लटकवायचं नाही. क्लॅम्प कितीही घट्ट असला तरी प्रत्येक दिव्याला स्टीलची सेफ्टी वायर हवीच, खाली मुलं नाचत असतात.

वीज

साउंड आणि दिव्यांना वेगवेगळे सर्किट, जमलं तर वेगळे फेज. प्रत्येकाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), १६ अँपिअरच्या लाइनला २.५ चौ. मिमी तांब्याची तार. माइकच्या तारा दिव्यांच्या तारांपासून किमान ३० सेंमी दूर, आणि ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. मिक्सर आणि वायरलेस रिसीव्हरला १ केव्हीएचा यूपीएस द्या. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत डिजिटल मिक्सर बंद पडून पुन्हा उठायची वाट बघावी लागत नाही. बाहेर पडण्याच्या दारांवरचे दिवे आणि जिन्यातले आपत्कालीन दिवे स्वतःच्या बॅटरीवर हवेत, आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्या दारांसमोर जादा खुर्च्या मांडू देऊ नका.

मे महिन्यात बसवलेलं काम जुलैत तपासा. भिंतीला ओल असेल तर रॉकवूल पाणी धरतो, कापडावर पिवळे डाग उमटतात आणि मागची लाकडी पट्टी कुजते. असं पॅनेल काढून आधी भिंतीची गळती बंद करायची, स्लॅब नवा टाकायचा. माइक झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. आणि वायरलेस माइकच्या बॅटऱ्या कार्यक्रम संपल्या संपल्या काढा. आत विसरलेली बॅटरी पुढच्या डिसेंबरपर्यंत पाझरून सर्किट खाते.